हळदीच्या गोदामातली भिंत

पक्षाघातानंतर आईकडे एकच शब्द उरला. ‘बराबर.’ चहा हवा असला तरी बराबर, नको असला तरी बराबर. पाठ खाजली, लाईट गेली, शेजारणीचं बोलणं लांबलं, सगळ्याला बराबर. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई. तिने पोराला हाक मारली तर मैदानाच्या पलीकडचं दुसऱ्याचं पोरगंही थांबायचं. आता तो सगळा आवाज ती त्या एका शब्दात कोंबायची आणि मी सुरावरून अर्थ लावायचे. डॉक्टर म्हणाले, कधी कधी असा एखादाच शब्द मागे राहतो. तोच का, ते कुणाला सांगता येत नाही.

मी पुण्याहून हिंगोलीला आले ती थोड्या दिवसांसाठी म्हणून. मग कंपनीने काम घरून करायला परवानगी दिली आणि माझं परत जायचं कारणच संपलं. सगळ्यांनी मला नशीबवान म्हटलं. भाऊ बंगळूरला. तो फोनवर दर वेळी म्हणायचा, “तू आहेस म्हणून निभतंय गं.” तो मनापासून म्हणायचा, त्यामुळे त्यावर काही बोलता यायचं नाही.

आमचं घर कॉलनीतलं, एकाला एक चिकटलेल्या घरांपैकी. पुढच्या खोलीत आईचा पलंग. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडायचे. तिथल्या खिडकीतून हात बाहेर काढला तर शेजाऱ्यांच्या भिंतीला लागायचा. दिवसभर मी ती भिंत बघायचे. तिच्यावर गिलाव्याची एक रेघ होती, तिच्यात बोटं बसतील का, असा विचार मनात यायचा. पुण्यात असताना मी दर शनिवार-रविवार कड्यांवर चढायला जायचे. जुनी सवय, कुठलीही भिंत दिसली की हात शोधायला लागतात.

आईकडे बघायला एक मावशी यायच्या, कळमनुरी रस्त्यावरच्या एका खेड्यातून. सकाळच्या एसटीने यायच्या आणि संध्याकाळच्या शेवटच्या गाडीने जायच्या. त्या असताना मी बाहेर पडू शकत होते. पण बाहेर पडून मी जायचे ती किराणा दुकानात, बँकेत आणि मेडिकलमध्ये. तिथून परत त्याच गल्लीने घरी.

मेडिकलमध्येच सुरुवात झाली. दुकानाचे मालक चाळिशी उलटलेले, अंगाने चांगले भरलेले गृहस्थ. एक दिवस त्यांनी आईच्या गोळ्या पुढे सरकवल्या आणि मला त्यांची बोटं दिसली. पेरांवरची कातडी सोलून निघालेली, नखांच्या कडेला घाम टिपायची पांढरी पूड. अशी बोटं एके काळी, कड्यांवर चढताना, माझीही असायची.

“भाऊ, हाताला काय झालं?”

त्यांनी मूठ मिटली. “काही न्हाई. सध्या लटकून राहिलोय.”

“कशाला?”

“भिंतीला.” मग दुकानात दुसरं कुणी नाही हे बघून म्हणाले, “शुगर निघाली ना. डॉक्टर म्हणला चाला. चालायचा कंटाळा येतो मला. मोंढ्याच्या मागं एक मेजर हायेत, ते लटकायला लावतात. या एकदा बघायला. हसू नका म्हंजे झालं.”

दुसऱ्या दिवशी मावशींना सांगून मी गेले. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत हळदीचं एक मोठं गोदाम होतं. शटर गुडघ्यापर्यंत ओढलेलं. वाकून आत गेले. डोळे अंधाराला सरावायच्या आधीच वास आला, हळदीचा, जुना, गोणपाटात मुरलेला. मग समोर भिंत दिसली. लोखंडी फ्रेमवर प्लायवूड ठोकून, आपल्या अंगावर झुकलेली. तिच्यावर सागवान आणि बाभळीचे तुकडे वेड्यावाकड्या अंतरावर बोल्टने बसवलेले. खाली जुन्या गाद्या. हिंगोलीत चढायला काही नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. मी तिथेच उभी राहिले आणि मला रडू यायला लागलं. शेजारी मेडिकलवाले भाऊ होते म्हणून आवरलं.

मेजर हे शिरड शहापूरच्या बाजूचे. फौजेत ते मेजर नव्हते, पण आपल्याकडे फौजेतून आलेल्या माणसाला मेजरच म्हणतात. नोकरीत त्यांनी बरीच वर्षं जवानांना कडे चढायला शिकवलं होतं. निवृत्तीनंतर शेतात मन लागेना. गोदामाचा मालक त्यांच्या ओळखीचा. थंडीत गोदाम रिकामं असतं, तेव्हा मागची बाजू वापरा म्हणाला. पोलीसभरतीची पोरं यायची, जायची. कायम येणारे आम्ही चौघंच झालो. मेजर, मेडिकलवाले भाऊ, मी आणि आपा.

आपा माझ्याहून लहान होती, तिशीतली, पण सगळे तिला आपाच म्हणायचे. कोपऱ्यावर तिच्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान होतं. आयुष्यभर ठिणग्या बघून त्यांची नजर अधू झाली तशी बहीणभावंडांत थोरली म्हणून तिने काम हातात घेतलं. गोदामातली फ्रेम तिनेच जोडलेली. मेजर सांगायचे, जोड पक्के आहेत का बघायला ती फ्रेमला लटकली ती काही उतरलीच नाही.

मेजरांची शिस्त ठरलेली होती. काही आठवडे ताकदीचे, काही दमाचे आणि मग एक हलका आठवडा. ताकदीच्या दिवसांत बोटांच्या पेरांवर लटकायचं, थोडा वेळ, पण जीव खाऊन. दमाच्या दिवसांत खाली पाय न टेकवता भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. आल्या आल्या सगळ्यांचे मोबाईल शटरजवळच्या खुर्चीवर पत्र्याच्या डब्यात टाकायचे. मी पहिल्या दिवशी म्हणाले, माझी आई आजारी आहे, मला फोन लागेल. मेजर म्हणाले, “आवाज मोठा करून ठेवा. वाजला की जा. पण हातात नको.”

खरी मेख दमाच्या दिवशी होती. भिंतीवर एक जण चढायचा आणि बाकीचे गोदामाच्या भिंतीला पाठ टेकून बसायचे, गुडघे काटकोनात, खाली खुर्ची नाही. वरचा खाली येईपर्यंत कुणी उठायचं नाही. म्हणजे तुम्ही वर जितका वेळ टिकाल तितका वेळ तीन माणसांच्या मांड्या पेटणार. आणि लवकर उतरलात तर ती तुमच्याकडे बघणार. मेडिकलवाले भाऊ बसल्या बसल्या घामाने निथळायचे आणि मला वर ओरडून सांगायचे, “ताई, उतरू नका!” आणि तेवढ्याच जोरात, “पण लवकर करा!”

पहिल्या दमाच्या दिवशी मी मधल्या कोपऱ्यावर अडकले. तिथे भिंत जास्त झुकलेली होती. पुढचा तुकडा हाताला येईना, मागचा पायाखालून सुटलेला. हात भरून आले. हात भरला की बोटं आपली राहत नाहीत, उघडायला लागतात. खाली तिघांचे श्वास ऐकू येत होते. उडी मारली असती तर सगळे सुटले असते. मारवेना. पुढे जाववेना.

“ताई, हात सरळ करा,” मेजर खालून म्हणाले. “कोपर वाकवून कशाला धरलंय? सरळ हातावर लटका. बूड खाली सोडा. आता एक हात सोडून झटका. मग दुसरा. आपण अडकलो, असं रोज होणारच आहे. अडकलं तिथंच दम घ्यायला शिकायचं.”

मी हात सरळ केले. स्नायूंवर नाही, हाडांवर वजन आलं. पुण्यात एवढी वर्षं चढले होते, पण कायम घाईत चढले होते. अडकल्यावर तिथेच विसावा घ्यायचा असतो, हे मला त्या गोदामात समजलं. थोडा वेळ तशीच राहिले आणि मग पुढचा तुकडा हाताला आला.

थंडी सरेपर्यंत मी रोज जायला लागले. पण दम वाढण्याऐवजी मी थकत चालले. हलक्या आठवड्यातही माझा खांदा दुखायचा. मेजरांनी एक दिवस मला लटकायला दिलंच नाही. बाजूला घेऊन विचारलं, “घरी काय उचलता?”

“आईला.”

“कितीदा?”

मी मोजलं नव्हतं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, परत. रात्री कुशीवर वळवायचं. मावशी असताना आम्ही दोघी मिळून करायचो, नसताना मी एकटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेजर आमच्या दारात उभे. आत येऊन आईला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “बाई, तुमच्या लेकीला उचलायचं कळत न्हाई. शिकवू का?”

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बराबर.” सूर तोच होता, जो ती शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांशी वापरायची. मेजर उगाच ताठ उभे राहिले.

त्यांनी मला दाखवलं. आईच्या अंगाला चिकटून उभं राहायचं, तिचे गुडघे आपल्या गुडघ्यांत घ्यायचे, पाठ नाही, मांड्या वापरायच्या, आणि तिला आधी सांगायचं, म्हणजे तिची चांगली बाजूही जोर लावते. मी आजवर तिला काही न सांगताच उचलत होते. गाठोड्यासारखी. त्या दिवशी मी “आई, उठायचं का?” म्हणाले आणि तिने डाव्या पायाने जमीन दाबली. तेवढ्यानं केवढा फरक पडला. मेजरांनी माझ्या आठवड्याची आखणीही बदलली. आईला उचलणं त्यांनी ताकदीच्या कसरतीत धरलं आणि तेवढं लटकणं कमी केलं.

होळीनंतर हळद यायला लागली. शिजवलेली, वाळवलेली, पोत्यांत भरलेली. हमाल रोज नवी थप्पी लावायचे. गोदाम समोरून भरत आलं. आधी आमची धावायची जागा गेली, मग गाद्यांची एक रांग गेली, मग भरतीची पोरं येईनाशी झाली, कारण उभं राहायला जागा उरली नाही. शेवटी शटरपासून भिंतीपर्यंत एक बोळ राहिली, एक माणूस अंग आडवं करून जाईल एवढी. दोन्ही बाजूंना पत्र्यापर्यंत पोती. हवा खेळायची बंद झाली. हळदीचा धुरळा घशात बसायचा, लाकडाच्या तुकड्यांवर बसायचा, धरलं की हात घसरायचा. प्रत्येक फेरीआधी आपा ब्रशने तुकडे साफ करायची. घरी गेल्यावर माझे हात धुऊनही पिवळे. आई ते हातात घेऊन बघायची.

त्याच सुमारास मेजरांनी ठरवलं की आता खऱ्या दगडावर जायचं. औंढ्याच्या बाजूच्या डोंगरात त्यांना एक कडा माहीत होता. एक रविवार ठरला. मी भावाला सांगितलं, तू ये, फक्त शनिवार-रविवार. तो हो म्हणाला, तिकीट काढलं. मी माळ्यावरून जुने बूट काढले. ते आखडले होते, मी घरात घालून फिरत होते.

शुक्रवारी त्याचा फोन आला. त्याच्या धाकट्या लेकराला ताप होता. “काहून गं असं होतं नेमकं,” तो म्हणाला. “पुढच्या महिन्यात नक्की.” मी त्याला म्हणाले, लेकराकडे बघ. दुसरं काय म्हणणार? ताप खरा होता.

मेडिकलवाले भाऊ म्हणाले, आपण रविवार पुढे ढकलू. आपाने मान हलवली. “ताई, मला वाईट वाटतंय. पण माझ्या दुकानाला पुढं लग्नसराईची कामं हायेत. हाच एक रविवार हाये माझ्याकडं.” मी म्हणाले, जा तुम्ही. ते गेले. त्या रविवारी मी दाराच्या चौकटीला वर पकडून लटकत राहिले, आणि आई पलंगावरून माझ्याकडे बघून “बराबर, बराबर” करत राहिली, चांगलीच रागावून. पोरगी चौकटीला लटकलेली तिला कधीच चालायची नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात ते घडलं.

दमाचा दिवस होता. त्या सकाळी शटरलगत नवी थप्पी लागली होती. आम्ही नेहमीसारखे बोळीतून आत गेलो, मोबाईल डब्यात टाकले. धुरळा आत येऊ नये म्हणून मेजरांनी शटर पूर्ण खाली ओढलं. आपा भिंतीवर होती. तिची फेरी संपली, ती पाणी प्यायला बोळीत गेली, आणि बाहेर कुठला तरी ट्रक मागे येताना गोदामाच्या ओट्याला धडकला. फार जोरात नाही. पण थप्पी हलली. आपा ओरडून मागे उडी मारून पडली. मग एकामागून एक पोती खाली यायला लागली, मऊ, जड आवाज, आणि काही क्षणात पिवळ्या धुळीशिवाय काही दिसेना.

धूळ बसली तेव्हा बोळ राहिली नव्हती. पोती शटरवर रेलली होती आणि शटर मधूनच बाहेर फुगलं होतं. आपाचं मनगट पडताना मुरगळलं होतं, बाकी कुणाला काही लागलं नव्हतं. मेजर आणि भाऊंनी वरची काही पोती ओढून शटरपर्यंत हात पोचवला. शटर तसूभर हलेना. पट्ट्या कडेच्या खाचेत वाकून बसल्या होत्या. दुसरं शटर गोदामाच्या पलीकडे, भरलेल्या मालाच्या मागे. आम्ही ओरडलो. ट्रकवाला निघून गेला होता, बाजाराला त्या दिवशी सुट्टी, हमाल सकाळचं उरकून गेलेले.

“मोबाईल,” भाऊ म्हणाले. आम्ही सगळ्यांनी जिथे खुर्ची होती तिकडे बघितलं. तिथे छातीएवढा ढीग होता.

आणि त्याच वेळी त्या ढिगाखालून माझा फोन वाजायला लागला.

मावशी होत्या. दुसरं कुणी त्या वेळी फोन करत नाही. त्यांची गाडी जवळ आली होती. मी पोती ओढायला धावले. एक ओढलं की वरची दोन घसरत होती. मेजरांनी मला दंडाला धरून मागे घेतलं. “उरलेली थप्पी अंगावर येईल. थांबा.” फोन वाजून बंद झाला. परत वाजला. मला आईच्या पलंगाचा कठडा दिसत होता, जो मावशी कधी कधी लावायला विसरतात. मी ओरडले, “मला बाहेर काढा!” कुणाला म्हणाले कुणास ठाऊक. आम्ही सगळेच आत होतो.

आमची प्लायवूडची भिंत जिथे संपायची तिथून वर उघड्या विटा होत्या, आणि पत्र्याच्या खाली गजांची एक छोटी खिडकी. तिच्यातून मागची गल्ली दिसत असणार. मेजरांनी कड्यावर नेलेला दोर घेतला, छताचा पत्रा पेलणाऱ्या लोखंडी कैचीवरून टाकला. त्यांचा एक गुडघा नोकरीतच कामातून गेलेला. भाऊंचं वजन त्या विटांना पेललं नसतं. आपाचं मनगट सुजत होतं. राहिले मी.

“खिडकीपर्यंत जा, गज धरा, आणि कुणी दिसेपर्यंत थांबा,” मेजर दोर माझ्या कमरेला बांधत म्हणाले. “घाई करायची न्हाई. वर जाऊन लटकायचंय, लक्षात ठेवा. लवकर चढलात तर लवकर संपाल.”

प्लायवूडवर मी डोळे मिटूनही गेले असते. वर विटांच्या सांध्यात चुना भुसभुशीत झालेला, बोट घातलं की खाली सांडायचा. मी पाय प्लायवूडच्या वरच्या कडेवर ठेवून लांब झाले आणि गज पकडले. गज पक्के होते. डोकंसुद्धा बाहेर निघालं नसतं.

मागची गल्ली रिकामी होती. ऊन उतरलेलं. एक नाली, बाभळीची झुडपं, विजेचा खांब, पलीकडे रस्ता. रस्त्यावरून लोक जात होते, पण लांबून. मी हाक मारली. सायकलवरून एक माणूस गेला, कानांत काहीतरी घातलेलं. मी परत हाक मारली. हात भरायला लागले. कोपर सरळ केलं, बूड सोडलं, एक हात झटकला, मग दुसरा. खाली बघितलं तर भाऊ आणि आपा गोदामाच्या भिंतीला पाठ टेकून बसले होते, गुडघे काटकोनात. कुणी सांगितलं नव्हतं. मेजर दोर धरून उभे.

“भाऊ, उठा ना,” मी म्हणाले.

“तुमी उतरा मग उठतो,” भाऊ म्हणाले.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. फोन दोनदा वाजला असेल. मग गल्लीच्या टोकाला दोन शेळ्या दिसल्या आणि त्यांच्यामागे एक म्हातारी.

“आजी! ओ आजी! वर बघा!”

तिने चहूकडे बघितलं, मग वर. “अगं बाई, तिथं कशाला चढलीस? उतर, पडशील!”

“उतरून उपयोग न्हाई, आजी. आमी आत अडकलोय. शटर जाम झालंय. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात सांगा, त्यांची लेक आत हाये म्हणून.”

“शेळ्या कुणाकडं सोडू?”

“खांबाला बांधा की!”

तिने विचार केला. दोन्ही शेळ्या खांबाला बांधल्या, दोर ओढून बघितला, परत एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, “हलू नको तिथून,” आणि निघाली. मला खाली यायला मेजरांनी दोरानेच मदत केली. बोटं मिटतच नव्हती.

आपाचे वडील आले. आवाजावरून समजलं. त्यांच्याबरोबर आलेल्या शेजारच्या गॅरेजवाल्याने लोखंड कापायचं मशीन आणलं होतं, पण शटर कापायचं त्याला येत नव्हतं. वडिलांनी कैक वर्षांत मशीन हातात घेतलं नव्हतं, आपा घेऊच द्यायची नाही. ती पोत्यांवर चढून शटरला तोंड लावून बसली.

“अब्बा, तुम नको काटो. मैं बोलती उसको.”

“उसको नई आता. तू बोल, मैं काटता.”

तिने कान शटरला लावला. मग म्हणाली, “ऐनक पहने क्या?”

“पहना रे बाबा.”

“डाव्या बाजू की पट्टी को हात लगाव. मिली? अब एक बित्ता ऊपर. पोतों को धक्का नको देव. हां, वहीं से.”

ठिणग्या फटीतून आत आल्या. मेजर आणि भाऊ ओलं गोणपाट घेऊन उभे राहिले. आपाने डोळे मिटून घेतले होते आणि नुसता आवाज ऐकत होती. आवाज बदलला की म्हणायची, “धीरे,” किंवा “अब रुको.” म्हातारा थांबायचा. बाहेर गॅरेजवाल्याला हसू येत असावं, कारण मध्येच तो म्हणाला, “चाचा, लय तकलीफ देती तुमची पोरगी.” कुणी हसलं नाही. शेवटी पट्टी सुटली, दोघांनी बाहेरून ओढलं आणि खाली एक फट झाली. आम्ही एकेक करून पोटावर सरपटत बाहेर आलो, डोक्यापासून पायापर्यंत पिवळे.

मी घरी पळाले. दिवस मावळला होता.

मावशी आईच्या पलंगावर बसून तिची वेणी घालत होत्या. कठडा लावलेला होता. आईने मला बघितलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. मावशींनी वेणी पुरी केली, मगच वळल्या.

“माझी गाडी गेली,” त्या म्हणाल्या. “सून बाळंतीण हाये घरी. सकाळपासून एकटी. तुमच्या आईला मी हाये. माझ्या घरी मी गेल्यावर चूल पेटती.”

मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. “व्हय, दिसून राहिलं,” एवढंच म्हणाल्या. त्यांचा राग गेला नव्हता, आणि का जावा? मेडिकलवाले भाऊंनी त्याच अवतारात गाडी काढली आणि त्यांना गावापर्यंत सोडलं. गाडीची सीट अजून पिवळी आहे. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या, पण त्यानंतर त्यांनी एक ठरवून टाकलं. आठवड्यातले दोन दिवस त्या दुपारीच जाणार. मी मान्य केलं. म्हणजे माझ्या दोन संध्याकाळी आणखी गेल्या.

गोदाममालक मेजरांना काही वाईट बोलला नाही. पण माल हलेपर्यंत इथे कुणी यायचं नाही, असं त्याने सांगितलं. फ्रेम पोत्यांच्या मागे गेली. बरेच दिवस आम्ही कुठेच भेटलो नाही. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून शेजाऱ्यांची भिंत बघायचे. कड्यावर मी अजून गेलेले नाही.

मग एका सकाळी मेजर, भाऊ आणि आपा तिघंही आमच्या गच्चीवर जाऊन आले, मला न विचारता. खाली येऊन आपा म्हणाली, “ताई, जिन्याची भिंत चांगली हाये तुमची.” तिने तिथे लाकडाची फळी ठोकली, पाण्याच्या टाकीच्या खांबांमध्ये लोखंडी दांडा जोडला. उन्हामुळे आम्ही सकाळी लवकर भेटायला लागलो. शेजारणीने आवाजाबद्दल तक्रार केली. भाऊंनी तिला गुडघेदुखीचं मलम आणून दिलं, तरी ती करतेच.

आईला वर न्यायची कल्पना मेजरांची. तिला जिन्याने वर न्यायला तिघं लागतात, मेजरांचा गुडघा धरला तर साडेतीन. खुर्चीत बसवून नेतो. ती टाकीच्या सावलीत बसून आम्हाला लटकताना बघते. काही दिवसांनी आपाने कठड्याला लागून एक पाईप बसवला, आईच्या कमरेच्या उंचीला, घासून गुळगुळीत केलेला, म्हणजे हाताला टोचणार नाही.

पहिल्यांदा आईने तो डाव्या हाताने धरला तेव्हा मी मागून तिला सांगितलं, “आई, उठायचं का?” तिने जोर लावला. ती उभी राहिली. मी तिला सैल धरलं होतं, ती स्वतःच्या पायावर होती. झटक्यानंतर तिने घराबाहेर असं काही बघितलं नव्हतं. शेजाऱ्यांच्या गच्च्या, वाळत घातलेले कपडे, लांब स्टेशनकडची पाण्याची उंच टाकी. पाय थरथरायला लागला. मेजर हळूच म्हणाले, “बसा आता, बाई.” ती बसली नाही. मी खुर्ची तिच्या मागे आणून ठेवली आणि बाजूला झाले. भाऊंनी दांडा सोडला आणि ते तिथेच भिंतीला पाठ टेकून बसले, गुडघे काटकोनात. मग आपा बसली.

ज्या दिवशी ही माणसं येत नाहीत त्या दिवशी आई वर जात नाही. मी एकटी तिला जिना चढवू शकत नाही. तेव्हा आम्ही दोघी खालीच असतो.